चौथ्या लेव्हलचा बाप

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून राग बंद. कायमचा. बायको काल रात्री काहीतरी बोलली म्हणून नव्हे, माझं आधीच ठरलं होतं. मुळात मी शांत माणूस. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ट्रकच्या तोंडातून परत आलोय. रागीट माणूस या धंद्यात आठवडाभर टिकला नसता.

कालची नोंद राहिली. ठकूची चौथ्या लेव्हलची स्पर्धा झाली. जिम्नॅस्टिक्सचं शाळेसारखं नाही, वय वाढलं म्हणून कोणी वर ढकलत नाही. दर लेव्हलचं रुटीन, म्हणजे कसरतींचा क्रम, ठरलेलं असतं. वॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर हे चार प्रकार मिळून चाळीसपैकी चौतीस पडले की वरची लेव्हल, नाहीतर आहे तिथेच. ठकू, माझी पोरगी, दहा वर्षांची. तिच्याबरोबरची एक गेली पाचव्या लेव्हलला. ठकू किपवर अडकली. किप म्हणजे बारला लोंबकळायचं, झोका घ्यायचा, पाय बारपाशी आणायचे आणि एका झटक्यात अख्खं अंग बारच्या वर. ठकू अर्ध्यावर गेली आणि बदकन खाली.

मी रागावलो नाही. हातातली पाण्याची बाटली जरा दाबली गेली. टोपण पुढच्या बाईंच्या मानेवर बसलं, पाणी त्यांच्या मिस्टरांवर. त्याच वेळी माझा उजवा पाय त्यांच्या खुर्चीत बसला. तो धंद्याचा भाग आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, समोर संकट दिसलं की पाय मला विचारत बसत नाही. हे त्या दोघांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी जागा बदलली.

पुढचं बघायला थांबलो नाही. बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्याला एक लाथ घातली. डबा सिमेंटचा निघाला. अंगठा निळा.

संकल्प: राग गिळणे.

५ फेब्रुवारी

कोचबाईंना भेटलो. बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात, तळहात खरकागदासारखे. ठकू अजून एक सीझन चौथ्यातच राहील म्हणाल्या. मी कारण विचारलं. किपचं काही नाही, किप येईल, मला वेगळंच बोलायचंय, बसा, असं म्हणाल्या.

मी बसलो नाही. कारण मला माहीत आहे. पोरगी खालच्या लेव्हलला ठेवली की क्लबला खालच्या लेव्हलची मेडल्स मिळत राहतात. सगळं राजकारण. हे मी शांतपणे सांगत असताना हात टेबलावर पडला. टेबलावर मुलींनी हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा डबा उघडा होता. दोघंही पांढरे झालो. बाई शिंकत होत्या, म्हणून चर्चा अर्धवट राहिली.

ठरलं. ठकूला किप मीच शिकवणार. ज्याने पासष्टीच्या आजोबांना चढावर क्लच सोडायला शिकवलं, त्याला पोरीची किप काय जड आहे? रुटीनमध्ये किप सोडून बाकी सगळं किरकोळ. शेवटचं उतरणं तर बघायचीही गरज नाही. उतरणं म्हणजे उतरणं.

९ फेब्रुवारी

आतल्या खोलीच्या दाराला लोखंडी बार ठोकला. भिंतीला चार भोकं जास्तीची पडली. बायको म्हणाली, सुतार बोलाव. म्हटलं, घरात ड्रिल असताना सुतार कशाला. तिचा चष्म्याच्या दुकानात जॉब आहे, दिवसभर लोकांचे नंबर तपासते, त्यामुळे तिला प्रत्येकाला कमीच दिसतं असं वाटतं.

संध्याकाळी. सेफ्टी टेस्ट म्हणून आधी स्वतः लोंबकळलो. बार चांगला टिकला. चौकट टिकली नाही. बार, चौकट आणि मी असे तिघं इस्त्रीच्या टेबलावर. इस्त्री बंद होती हे नशीब, पण अजून गरम होती. मांडीवर त्रिकोण उठलाय.

ठकू हसली. बरेच दिवसांनी हसली. मी जरा ओरडलो, कारण हसण्यासारखं काही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

बार नाही तर नाही, स्ट्रेचिंग. लवचिकता हा पाया. ठकूला जमिनीवर पाय फाकवून बसवलं आणि पाठीवर हळूच दाब दिला. हळूच म्हणजे माझं निम्मं वजन. ती म्हणाली, दुखतंय. म्हटलं, दुखणारच. ती म्हणाली, बाई असं करत नाहीत, श्वास सोडून आपण आपलं खाली जायचं असतं. म्हटलं, बाई बाई काय, बाईंनीच तर अडकवून ठेवलंय. आणखी थोडा दाब दिला.

ती चावली. मनगटाच्या वर, हाडापर्यंत. मी तिला झटकलं, ती कपाटावर गेली, कपाटावरची बॅग माझ्या डोक्यावर आली. बायको धावत आली आणि नेहमीप्रमाणे पूर्ण माहिती न घेता ठकूला उचलून घेऊन गेली.

तरी एक सांगतो, पोरीत लढाऊ वृत्ती आहे. दाताचे ठसे एकदम स्वच्छ उमटलेत, वरचे आणि खालचे. माझंच रक्त.

२५ फेब्रुवारी

आज क्लबच्या गॅलरीत बसलो होतो. पालकांनी काचेमागे बसायचं असा नियम आहे. शेजारी ट्रायपॉड. हा म्हणजे पाचव्या लेव्हलला गेलेल्या त्या मुलीचा बाप. जाईल तिथे तीन पायांचा स्टँड घेऊन जातो आणि पोरीची प्रत्येक हालचाल शूट करतो. मी त्याला विचारलं, पोरीला कधी उघड्या डोळ्यांनी बघितलंयस का? तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मला समजतो. जाता जाता माझा पाय स्टँडला लागला. त्याच्या मते दोनदा.

ठकूने किपचे बरेच प्रयत्न केले. तळहाताची कातडी फाटून लोंबत होती, बारवर लाल डाग. एक प्रयत्न चुकला आणि तिने काय केलं? स्वतःच्या मांडीवर खाडकन थापड. पुढचा चुकला, गालावर. आवाज काचेतून आला नाही, पण गाल लाल झालेला दिसला. मला इतकं भरून आलं. याला म्हणतात किलर इन्स्टिंक्ट. खाण तशी माती. मी काचेवर ठोकून तिला अंगठा दाखवला.

कोचबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. जळतात.

६ मार्च

कोचबाईंची पार्किंगमध्ये गाठ पडली. यावेळी बसायला खुर्ची नव्हती, त्यामुळे बसायचं नाही असंही म्हणता येईना. म्हणाल्या, तुम्हाला फेब्रुवारीपासून सांगायचंय.

"किप चुकली की ती स्वतःला मारते. आणि मारायच्या आधी वर बघते, तुम्ही बसता त्या जागेकडे. पाचव्या लेव्हलला आणखी उंचावरून सुटायचं असतं. तिथे वर बघत बसली तर मान मोडेल. हे थांबेपर्यंत मी तिला पाचव्याला सोडणार नाही."

मी विचार केला. वर बघते म्हणजे प्रेरणा घेते, हे उघड आहे. म्हणजे मी जितका जवळ असेन तितकी प्रेरणा जास्त. बाईंना मुद्दा हाती लागलाय पण निष्कर्ष चुकलाय. असो. अक्कल काही बारवर लोंबकळून येत नाही.

तरी दुपारी एका शिकाऊ बाईंवर उगाच ओरडलो. त्यांनी आधी खांबाला गाडी दिली, मग मला पर्स. पर्समध्ये काय घेऊन फिरतात देव जाणे, कानात अजून गुणगुण चालू आहे. घरी बायकोला कोचबाईंचं बोलणं सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं असं दिसतं.

१२ मार्च

मास्टरस्ट्रोक. स्पर्धेला गाद्या सरकवायला पालकांतले स्वयंसेवक हवेत. नाव दिलं. स्वयंसेवकाची जागा थेट बार्सच्या बाजूला. ठकूला वर बघायची गरजच नाही. मी समोर.

सगळे नियम वाचून काढले. बारवर असताना कोचने हात लावला तर अर्धा मार्क कापतात आणि तेवढी उडी धरत नाहीत. चांगला नियम. कोचबाईंवर लक्ष ठेवता येईल.

ठकूला बातमी सांगितली. जेवताना ताट ढकलून उठली. एक्साइटमेंट.

२१ मार्च, स्पर्धेचा दिवस, सकाळ

मन एकदम शांत. दाढी करताना तीन ठिकाणी कापलं.

२१ मार्च, संध्याकाळ. डाव्या बाजूने तोंड उघडत नाही म्हणून लिहूनच ठेवतो.

वॉल्ट चांगलं. बीमवर डगमगली पण टिकली. मग बार्स. मी स्वयंसेवकाचं लाल जॅकेट घालून गादीशेजारी उभा. ठकूने मला बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. झोका घेतला, पाय वर, झटका, आणि किप. झाली! स्वच्छ! मी ओरडलो असेन. पंचांनी माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर काय झालं ते नीट लिहितो, कारण उद्या लोक काहीबाही सांगतील. ठकूने दोन्ही पावलं बारवर टेकवली आणि पाठीवर मागे कोसळली. बारखालून सरळ पाठीवर. डोकं खाली. अशा वेळी माणूस विचार करत नाही. मी गेलो. गादीवरून, दोरीवरून, कोचबाईंच्या पायावरून. पोरीला हवेत पकडलं. कमरेला मिठी मारून.

तिच्या दोन्ही टाचा माझ्या तोंडावर आल्या. समोरचे दोन दात आत गेले. एक थुंकला, एक गिळला असं डॉक्टर म्हणतात. मी खाली, ती माझ्या अंगावर, तिचा पाय माझ्या बरगडीवर मुरगळला. गादीवर रक्त. माझंच, पण लोकांना सांगून पटेना, एक आजी बेशुद्ध पडल्या.

ते उतरणं होतं. चौथ्या लेव्हलचं ठरलेलं उतरणं. बारवर पावलं टेकून मागे जायचं, खालून झोका घ्यायचा आणि पुढे उडी मारून उभं राहायचं. गावातल्या सगळ्या चौथ्या लेव्हलच्या पोरी तेच करतात. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. कोचने हात लावला तर काय ते लिहिलेलं होतं, बापाने मिठी मारली तर काय ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी कोचचा नियम लावला. उतरणं धरलं नाही, वर अर्धा मार्क गेला. पाय सुजलेला असूनही ठकूने फ्लोअर केलं, दात ओठ खाऊन. एकूण बेरीज चौतीसला जराशी कमी पडली. ते कापलं नसतं तर ती गेली होती.

बाहेर ट्रायपॉड भेटला. म्हणाला, व्हिडिओत बघा, ती पडत नव्हती. मी म्हटलं, फोन दे. तो देईना. मी फक्त फोन मागत होतो. मग त्याची कॉलर हातात आली, माझं जॅकेट त्याच्या हातात गेलं आणि दोघं बक्षिसांच्या टेबलावर. टेबलाची एक बाजू बसली. लहान पोरींची मेडल्स हॉलभर गडगडत गेली आणि त्या त्यांच्यामागे रडत धावल्या. ट्रायपॉडचा चष्मा फुटला. माझ्या बायकोने त्याचा नंबर विचारून घेतला, नवीन करून देते म्हणाली. तिथेच, सगळ्यांसमोर. मला तिने विचारलं नाही की लागलं का.

घराजवळच्या वळणावर ठकू मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, मी पडत नव्हते."

मी म्हटलं, हो ग, पण तसं वाटलं. तोंड सुजल्यामुळे तिला ते कळलं नसावं.

२३ मार्च

क्लबमध्ये मला प्रवेश बंद. काचेमागेही. कोचबाईंनी फोनवर सांगितलं, आवाज न चढवता. मीही चढवला नाही. चढवता येत नाही, टाके आहेत.

बायकोशी बोलायचा प्रयत्न केला. कोणीही बाप असता तर हेच केलं असतं, असं म्हटलं. ती म्हणाली, त्या हॉलमध्ये पन्नास बाप होते. यावर उत्तर सुचलं की लिहीन.

ठकूच्या पायाला पट्टी. खोलीचं दार लावून घेते. चौकट मीच परत बसवली, जरा वाकडी बसलीय, पण दार लागतं.

२ एप्रिल

ट्रायपॉडने व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. नीच माणूस. बघायचा नाही असं ठरवलं.

२ एप्रिल, दुपार

बघितला.

स्लो करून बघितला. ठकू मागे जाते. अंग ताणलेलं, बोटांपासून टाचांपर्यंत. बारखालून पुढे येते, हात सोडते. वर जाते. तिचा चेहरा कॅमेऱ्याकडे आहे. ती खाली बघतेय, जिथे उभं राहायचं तिथे. वर कुठेच नाही. आणि तिला कळलंय की जमलं. तिचं तोंड थोडं उघडं आहे, हसायला सुरुवात होते तसं. माझी पोरगी हवेत इतकी सुंदर दिसते हे मला माहीतच नव्हतं.

मग बाजूने एक लाल जॅकेटवाला माणूस येतो. त्याचा चेहरा बघवत नाही. तो तिला वाचवायला आलाय असं चेहऱ्यावरून वाटत नाही. तो तिला मारायला धावतोय असं वाटतं. आणि ती त्याला बघते, हवेत, आणि त्याने हात लावण्याआधी डोळे मिटून तोंडासमोर हात घेते.

फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. मग फोन भिंतीवर फेकला. तो माझाच फोन होता हे नंतर लक्षात आलं.

१९ एप्रिल

नवीन दात बसवले. फोन नवीन. ठकूचा पाय बरा, सराव सुरू. पुन्हा स्पर्धा मेमध्ये, दुसऱ्या हॉलमध्ये. तिथे माझ्यावर बंदी नाही, चौकशी केली. पण बायको म्हणाली, तू यायचं नाहीस. तिच्या दबावाखाली मी जात नाहीये असं नाही. त्या दिवशी माझे शिकाऊ आहेत. धंदा बघायला हवा.

१७ मे, सकाळ

ठकू आणि बायको गेल्या. ठकूला ऑल द बेस्ट म्हटलं. तिने मान हलवली. मी तिच्या केसांवरून फिरवायला हात पुढे केला तर ती दचकून मागे झाली. घाई होती.

१७ मे, दुपार

आज शिकायला एक रिटायर्ड पोस्टमास्तर होते. रूट मी ठरवला. योगायोगाने तो हॉलच्या भोवती होता. उजवीकडे, उजवीकडे, परत उजवीकडे. आतून टाळ्या ऐकू आल्या की माझा पाय ब्रेकवर. दर वेळी पोस्टमास्तरांचं कपाळ स्टिअरिंगवर. शेवटी त्यांनी चौकाच्या मधोमध इंजिन बंद केलं, कपाळावर रुमाल धरला, किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि पायी निघून गेले. मागे हॉर्न. एक टेम्पोवाला खाली उतरला. त्याने खिडकीतून माझी कॉलर धरली आणि मला दोन ठेवून दिल्या. मी हात उचलला नाही. पहिल्यांदाच संकल्प पाळला गेला. एक नवीन दात हलतोय.

हॉलचं दार तिथून दिसत होतं. आत गेलो नाही. दोन वेळा उतरलो, दोन्ही वेळा परत बसलो.

१७ मे, संध्याकाळ साडेसहा

ठकू पाचव्या लेव्हलला गेली. चौतीसच्या वर थोडेसेच, पण वर.

मी भाषण तयार ठेवलं होतं. पाया कोणी घातला, जिद्द कोणाची उतरली, कठीण काळात पाठीशी कोण होतं, असं. त्याआधी सहज विचारलं, किप झाली का ग? म्हणाली, पहिल्यांदा चुकली, खाली पडले. परत चढायला वेळ देतात. पावडर लावली, चढले, दुसऱ्या वेळी झाली. त्याचा एक मार्क गेला.

मी विचारलं, आणि पडल्यावर मारलंस का स्वतःला?

ती जमिनीवर बसून घोट्याची पट्टी सोडवत होती. माझ्याकडे बघितलं नाही, तक्रार केल्यासारखंही बोलली नाही.

"मी वर बघितलं, तर तू नव्हतास. मग नाही मारलं."

भाषण केलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ठकूला भूक लागली होती, मी अंडी उकडायला ठेवली.

पाचव्या लेव्हलची पहिली स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे. मी जाणार नाही. बायको म्हणाली, हे लिहून ठेव. लिहिलं.